एक्स-रेच्या खोलीतला जड एप्रन



लेकरू झाडावरून पडलं, हात सुजला, दवाखान्यात नेलं. एक्स-रेच्या खोलीतली ताई म्हणते, "बाळ हलतंय, तुम्हीच धरा त्याला." आपल्यापैकी बऱ्याच जणींवर ही वेळ आलेली आहे. कधी लेकराला धरायचं असतं, कधी म्हाताऱ्या सासूबाईंना. आज त्याच खोलीत खुंटीवर टांगलेल्या जड एप्रनबद्दल बोलू या.

आधी हे सांगते, की एक्स-रेला घाबरून तपासणी टाळू नका. जमिनीतून आणि आकाशातून थोडी किरणं आपल्या अंगावर रोज येतच असतात. छातीच्या एका साध्या एक्स-रेत जेवढी किरणं मिळतात, तेवढी एरवीही आठ-दहा दिवसांत मिळतात. सीटी स्कॅनमध्ये मात्र त्याच्या कितीतरी पट जास्त असतात, म्हणून तो डॉक्टरांनी सांगितला तरच करायचा. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये ही किरणं नसतातच.

मग धरायला तिथली ताई का येत नाही, आपल्यालाच का सांगते? तिच्यासमोर दिवसभर पेशंटची रांग असते. प्रत्येकाला तिनेच धरलं, तर थोडं थोडं करत वर्षभरात बरंच साठेल. आपण धरतो ते एखाद्या वेळी. म्हणून घरच्या माणसाने धरायचं, पण एप्रन घालून. दिवस गेलेले असतील, किंवा नुसती शंका असेल, तरी धरायला उभं राहायचं नाही. तसं स्पष्ट सांगायचं, त्यात लाजायचं काही नाही.

आता हा एप्रन असतो कशाचा? आपण त्याला शिशाचा म्हणतो, पण त्यात शिशाचा पत्रा नसतो. पत्रा अंगाभोवती वळणार कसा? रबरात किंवा व्हिनाइल प्लास्टिकमध्ये शिशाची बारीक पूड मळून त्याचं कापड केलेलं असतं. किरणं अडवायचं काम धातू करतो आणि अंगाबरोबर वळायचं काम रबर करतं. शिसं भारी जड. लिटरच्या बाटलीत पाणी एक किलो मावतं, शिसं मावेल अकरा किलोंच्या वर. म्हणून तर एप्रन घातला की खांदे भरून येतात.

शिशात दोन खोडी आहेत. एक वजन, आणि दुसरी म्हणजे ते विषारी आहे. एप्रन फाटला आणि पूड बाहेर आली, की हाताला लागते, पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला तर ते फारच वाईट. म्हणून आता बिस्मथ, टंगस्टन, कथील अशा धातूंची पूड घातलेले बिनशिशाचे एप्रनही मिळतात.

संशोधक याच्याही पुढे जाऊन नॅनो पुडीवर काम करत आहेत. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. नॅनो पुडीचा कण अशा शंभर भागांहूनही लहान. इतक्या बारीक पुडीचा फायदा काय? पिठलं आठवा. बेसनाच्या गुठळ्या राहिल्या, तर कुठे घट्ट गोळा आणि कुठे नुसतं पाणी. एप्रनमध्ये असं झालं, तर पातळ जागेतून किरणं आरपार जातात. बारीक कण सगळीकडे सारखे पसरले, तर अशा फटी राहत नाहीत. पण पीठ जितकं बारीक, तितक्या गुठळ्याही लवकर होतात, आणि नॅनो कणांचंही तसंच आहे. धातू फार घातला तर रबर कडक होऊन तडकतं, कमी घातला तर किरणं अडत नाहीत. हा मेळ बसवणं हेच त्या संशोधनातलं अवघड काम आहे. आणि कण कितीही बारीक केले, तरी किरणं अडवायला पुरेसा धातू लागतोच. "नॅनो" या शब्दाने काही अडत नाही.

म्हणून एप्रन हातात आला की नुसतं "चांगला आहे ना?" असं विचारू नका. त्यावरचा आकडा बघा. ०.२५, ०.३५ किंवा ०.५ मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. तेवढ्या जाडीच्या शिशाइतकी किरणं हा एप्रन अडवतो, असा त्याचा अर्थ. बिनशिशाच्या एप्रनवरही हाच आकडा असतो.

आपल्या गटांतल्या काही जणी दवाखान्यांत कामाला आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. एप्रनची घडी घालू नका, खुर्चीवर टाकू नका. घडी पडते तिथे आतून चीर जाते आणि वरून काही दिसत नाही. रुंद हँगरवर टांगा. वर्षातून एकदा एक्स-रेखाली तपासून घ्यायला सांगा. जुना एप्रन भंगारात जाऊ देऊ नका. कामाच्या वेळी बॅज लावा, कारण किती किरणं लागली याचा हिशेब त्यावरच ठेवला जातो. दिवस राहिले तर लगेच कळवा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे, कळवल्यापासून पुढे पोटातल्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा पाळावी लागते. आणि एप्रन घातला तरी जमेल तेवढं लांब उभं राहा. अंतर दुप्पट केलं की किरणं चौथ्या हिश्श्यावर येतात.

शेवटी धंद्याची गोष्ट. मोबाइलला चिकटवायचे "नॅनो मेटल" स्टिकर गटामार्फत विका, भरपूर कमिशन मिळेल, असं सांगत माणसं गावोगाव फिरतात. मोबाइलच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, कितीतरी पट दुबळ्या असतात. शिवाय स्टिकरने त्या खरंच अडवल्या, तर फोन लागेल कसा? गळ्यात घालायच्या लॉकेटचंही तसंच. २०२१ साली नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेने अशा दहा वस्तू तपासल्या, तर त्यांतूनच घातक किरणं निघत होती. लोकांना त्या वापरू नका असं सांगावं लागलं.

असा माल घेऊन कोणी आलं, तर त्याला विचारा: यात कोणता धातू आहे, किती आहे, आणि तपासणीचा कागद कुठे आहे? उत्तर मिळालं नाही, तर गटाचा एक रुपयाही त्यात घालू नका. बचतीचा पैसा आपल्या घामाचा आहे.

पुन्हा भेटू. नमस्कार.