पॅनेल शाबूत, घरात अंधार
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपण कापूस-ज्वारीची माणसे. ऊन आपल्याला फुकट आणि भरपूर. तरी आज सांगणार आहोत ते सूर्यमाळचे. मोखाडा तालुक्यातला हा डोंगरमाथा. जिल्हा पूर्वी ठाणे, २०१४ पासून पालघर. नाव सूर्याचे, पण जून ते सप्टेंबर सूर्य दिसेल तर शपथ. शेती नागली-वरईची. याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात पाड्यांवर मात्र टँकर.

तिथल्या एका पाड्यावर आम्ही गेलो. घराघरांवर सौर पॅनेल, आणि आत चुलीच्या उजेडात ताटे वाढलेली. विचारले, तर उत्तर एकच: "सोलर जळाले." भर दुपारी मीटर लावला. पॅनेल २० व्होल्ट दाखवत होते. जळाले काहीच नव्हते. मेली होती ती बॅटरी. झाकणे उघडली तर प्लेटा कोरड्या. एका घरात विहिरीचे पाणी ओतलेले.

हसू नका. आम्ही कृषीची पदवी घेतलेली माणसे, आणि आमच्या घरची पहिली बॅटरी आम्हीच मारली. टीव्ही बंद पडतो म्हणून कंट्रोलर टाळून थेट बॅटरीवरून तार ओढली. दोन पावसाळ्यांत खेळ खलास.

बॅटरी म्हणजे बैल. पॅनेल वैरण देते, दिवे काम घेतात. वैरणीपेक्षा काम जास्त झाले की बैल बसतो. हिशेब सोपा आहे. ७५ वॅटचे पॅनेल, ५ तास चांगले ऊन. कागदावर ३७५ वॅट-तास. धूळ, उष्णता, तारा यांत घट जाऊन हाती येतात २४० च्या आसपास. ५ वॅटचे ४ दिवे ६ तास जळाले तर १२० गेले. २५ वॅटचा पंखा ८ तास फिरला तर एकटाच २०० खातो. दोन्ही मिळून ३२०. म्हणजे रोज ८० ची उधारी. गच्च ढगात तर पॅनेल पाचवा हिस्सासुद्धा देईल याचा भरवसा नाही. तेव्हा पंखा बंद, एकच दिवा. सूर्यमाळला हे चार महिने पाळावे लागते, आपल्याला झडीच्या आठवड्यात.

शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर गंधकाचा पांढरा थर घट्ट बसतो. मग ती चार्ज घेत नाही. म्हणून कंट्रोलरचा लाल दिवा लागला की दिवे बंद करायचे, कंट्रोलर काढायचा नाही. तो बैलाच्या बाजूने बोलतो.

आता निगा.

पॅनेल आठवड्याला एकदा, सकाळी थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, राखेने घासणे नको. तोंड दक्षिणेला, उतार सुमारे २० अंश. कडब्याची गंजी रचताना सावली बघा. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. दांडात एका जागी ढेकूळ पडले की पुढचे सारे वाफे कोरडे राहतात, तसेच एका कोपऱ्यातली सावली सगळी वीज आवळते.

पाण्याच्या बॅटरीत महिन्याला पातळी बघा. प्लेटा बुडालेल्याच हव्यात. भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड पाण्याची, तीही खुणेपर्यंत आणि चार्ज झाल्यावर. ॲसिड घालायचे नाही. टोकांवर हिरवा-पांढरा मळ आला तर तारा सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडे करा, आवळा, वर व्हॅसलिन लावा. सोड्याचे पाणी आत जाऊ देऊ नका. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ बिडी नको, कोंदट पेटी नको. फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा घाला, तार गुंडाळू नका. लिथियमची बॅटरी असेल तर पाण्याचा प्रश्न नाही, पण ती उघडायचीही नाही.

शेतावरच्या सौरपंपाची गोष्ट वेगळी. तिथे अनेक पॅनेले मिळून शेकडो व्होल्ट होतात आणि उन्हात ते बंद करता येत नाहीत. काच आपण पुसू, तारा जाणकारानेच उघडाव्यात. सरकारी योजनेतल्या पंपाला ५ वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराकडे असते. करारपत्र मागून घ्या, तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

मेलेली बॅटरी भंगारवाल्याला फोडू देऊ नका. शिसे विष आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. नवी घेताना जुनीचे पैसे वजा करून मागा.

भावांनो, त्या पाड्यावर घरटी पॅनेल होते, पण साऱ्या पाड्यात एक हायड्रोमीटर नव्हता. देणारा फोटो काढून गेला, दुरुस्ती शिकवून गेला नाही. दुसऱ्याच्या हाती दुरुस्ती असलेली वस्तू आपल्या छपरावर असली तरी आपली नसते. बियाण्यात आपण हेच भोगले आहे.

तेव्हा गावी जाऊन एवढे करा. वर्गणीतून एक मीटर आणि एक हायड्रोमीटर घ्या. एक तरुण आणि एक बहीण, दोघांना वापर शिकवा. घरात सांजेला दिवा लावते ती बहीणच, बिघाड तिलाच आधी कळतो. भरलेल्या बॅटरीत हायड्रोमीटर १.२४ च्या वर दिसावा. दर अमावस्येला प्रत्येक घराचा आकडा वहीत लिहा. पुढच्या बैठकीला येताना ती वही घेऊन या.