ओल्या मिरचीचा रंजका

मांजरीच्या बाजारात पिकून लाल झालेली ओली मिरची दिसू लागली, की घरोघरी रंजक्याचा बेत ठरतो. पण पुष्कळदा महिन्याभरात बरणीत बुरशी धरते अन् सगळा रंजका उकिरड्यावर जातो. मग आपण मिठाला बोल लावतो. किलोभर मिरचीला १५० ग्रॅम तरी मीठ हवं, हे खरंच. परंतु बहुधा चूक त्याआधीच झालेली असते.

देठ काढून मिरची धुतली, की पाणी आत शिरतं, आणि ते काही पुसता येत नाही. म्हणून देठासकट धुवा, कापडावर पसरून सावलीत पुरती कोरडी होऊ द्या, मगच देठ खुडा. मऊ पडलेली, आतून काळी निघालेली मिरची टाकायला जीव होत नाही म्हणून ठेवू नका. लसूण-मीठ घालून वाटा आणि लिंबाचा रस सढळ हाताने घाला. आंबटपणाने बुरशीला आळा बसतो. पाट्यावरचा रंजका अधिक चवदार लागतो, असं माझं मत. सुना ऐकणार नाहीत!

हाताची आग मात्र नुसत्या पाण्याने जात नाही. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. तेव्हा कामाला बसण्याआधीच हातांना गोडं तेल चोळा. काम उरकल्यावर पुन्हा तेल चोळून साबणाने हात धुवा, आणि मगच लेकराला उचला.