उसने गहू

रमजानचे शेवटचे दिवस आले की आमच्या मोहल्ल्यात घरोघरी हिशेब सुरू होतात. वर्षभर शिल्लक राहिलेला पैसा, थोडंफार सोनंनाणं ठरलेल्या मर्यादेपलीकडे असेल, तर त्याचा चाळिसावा भाग जकात. शेकडा अडीच रुपये. हे कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. तरी गंमत अशी, की ती रक्कम घराबाहेर पडली की मन हलकं होतं. पैसा गेला आणि माणूस खूश!

कॅनडातल्या एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. २००८ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा प्रयोग छापून आला. त्यांनी सकाळी ४६ जणांना पाकिटं दिली. कुणाच्या पाकिटात पाच डॉलर, कुणाच्या वीस. काहींना सांगितलं, संध्याकाळी पाचपर्यंत स्वतःवर खर्च करा, बाकीच्यांना, दुसऱ्यासाठी. दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदी निघाले. पाच की वीस, यानं फरक पडला नाही.

मला हे पटतं. पण त्या संध्याकाळी विचारलं ते देणाऱ्यांना. घेणाऱ्यांचं काय?

मी दहा-अकरा वर्षांचा होतो. अब्बांचं काम सुटलं होतं. त्या ईदला गावातल्या एका संस्थेनं गरजू मुलांना कपडे वाटले. मंडपात माझं नाव पुकारलं, मी पुढे गेलो, फोटो निघाला. देणारे गृहस्थ मनापासून आनंदात होते, त्यात ढोंग नव्हतं. कापडही चांगलं होतं. पण ईदगाहवर तो सदरा घालून उभा राहिलो तेव्हा वाटलं, हा कुठून आला ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात अम्मीनं तो गडद निळ्या रंगात बुडवून काढला.

त्याच ईदच्या आदल्या रात्री शेजारच्या खाला पिशवी घेऊन आल्या होत्या. “अम्मीला सांग बेटा, उसने नेलेले गहू परत केले.” कुणाला उसने द्यायला आमच्या घरात गहू होते कुठे! अम्मी आतूनच म्हणाली, “एवढी काय घाई होती?” ते गहू म्हणजे फित्रा, ईदच्या नमाजाआधी माणशी द्यायचं धान्य, हे मला फार उशिरा कळलं. जकात असो वा फित्रा, घेणाऱ्याला तसं सांगावंच लागतं असं नाही. देणाऱ्याची नियत पुरते. खालांना शाळा ठाऊक नव्हती, पण हे ठाऊक होतं.

मध्यंतरी एका रमजानमध्ये तरावीहनंतर मी नोकरी गेलेल्या एका तरुणाकडे पाकीट घेऊन गेलो. वाक्य वाटेतच घोकलं होतं : “तुझ्या अब्बांचे माझ्याकडे राहिले होते.”

तो पाकिटाकडे पाहत राहिला. मग हसला. “चाचा, अब्बांकडे उधार देण्याइतके पैसे कधी होते?”

मला उत्तर सुचेना. त्यानं पाकीट कपाटावर ठेवलं आणि म्हणाला, “बसा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.”

साखर मला वर्ज्य आहे. तो चहा मी प्यायलो.