एका स्पीकरला दोन अँप्लिफायर : लाभ किती, धोका किती

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील भजनाची ध्वनिमुद्रिका घरीं लावली म्हणजे मृदंगाचा घुमारा आणि टाळांची किणकिण एकाच पेटींतून ऐकूं येतात. आंत मात्र त्यांची वांटणी झालेली असते. खर्जाचे स्वर मोठा वूफर काढतो, उंच स्वर लहान ट्वीटर काढतो. ही वांटणी क्रॉसओव्हर करतो. त्यांतील कॉइल मंद कंपनें वूफरकडे जाऊं देते, कपॅसिटर शीघ्र कंपनें ट्वीटरकडे.

कांहीं पेट्यांच्या पाठीमागें दोनऐवजीं चार टर्मिनलें असतात. एक जोडी ट्वीटरची, दुसरी वूफरची. दोहोंना धातूच्या पट्ट्यांनीं सांधलेलें असतें. तें पाहून हौशी गृहस्थास वाटतें कीं, प्रत्येक जोडीस स्वतंत्र अँप्लिफायर दिल्यास आवाज दुपटीनें खुलेल. यासच बाय-अँपिंग म्हणतात.

पैसे खर्चण्यापूर्वीं त्यानें एवढें जाणावें. क्रॉसओव्हर अँप्लिफायरच्या नंतर, म्हणजे पेटींतच राहतो. त्यामुळें दोन्ही अँप्लिफायरांस संपूर्ण संगीताचा विद्युद्दाब द्यावाच लागतो. विभागला जातो तो केवळ प्रवाह. म्हणून ५० आणि ५० वॅट मिळून १०० वॅटांचें बळ येत नाहीं. शक्ति खरोखर दुप्पट झाली, तरी वाढ ३ डेसिबलांचीच. कानास आवाज दुप्पट वाटण्यास सुमारें १० डेसिबल लागतात. एकाच यंत्राचे रिकामे चॅनेल वापरल्यास वीजपुरवठाही सामाईक राहतो व लाभ आणखी घटतो. वांटणी अँप्लिफायरच्या आधीं करणें ही निराळी व अधिक गुणकारी रीत होय; परंतु तीसाठीं आंतील क्रॉसओव्हर वगळून सर्व मेळ नव्यानें बसवावा लागतो. तें जाणकाराचें काम.

तरीही प्रयोग करावयाचाच असेल, तर प्रथम वीज बंद करून त्या पट्ट्या काढाव्यात. त्या राहिल्या तर दोन अँप्लिफायरांचीं तोंडें एकमेकांस भिडतात आणि यंत्र जळूं शकतें. दोहोंची आवाज वाढविण्याची पट समान असावी. नाहींतर टाळ मृदंगावर चढतील, किंवा मृदंग टाळांस गिळील. धन व ऋण तारांची अदलाबदल होऊं देऊं नये.

आणि याहून आधीं एक बिनखर्ची उपाय करून पाहावा. कोपऱ्यांतील पेटी भिंतीपासून हातभर पुढें ओढावी. कोपऱ्यामुळें फुगलेला खर्ज तेवढ्यानेंही बराच निवळतो. मग दुसऱ्या अँप्लिफायरची गरज उरते कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें कानांनींच ठरवावें.