गंजगोलाई आणि आपली शाळा
(केंद्रसंमेलनातील भाषण)



मी निलंगा तालुक्यात शिक्षक असताना एकदा मुलांना घेऊन वेरुळाच्या सहलीस निघालो होतो. लातुरात गंजगोलाईपाशी चहापाण्यासाठी थांबलो असता पाचवीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, इथे रस्ते किती येऊन मिळतात?" मला सांगता आले नाही. बाराशे वर्षांपूर्वीचे कैलास लेणे दाखवावयास निघालेल्या मास्तरास, जेथून तो दर दिवाळीस कापड नेत असे त्या पेठेची साधी मोजदादही ठाऊक नव्हती.

रस्ते सोळा आहेत. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आराखडा केला आणि १९१७ साली, निजामी अमदानीत, ही दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. मधोमध अंबाबाईचे देऊळ आहे. आपली मुले गंज म्हणजे लोखंडावर चढतो तोच समजतात. हा गंज फारसीतला, मूळ अर्थ खजिना, पुढे बाजारपेठ. सोने एका वाटेस, पादत्राणे दुसऱ्या वाटेस, मिरची, गूळ आणखी कोठे, अशी मालाची विभागणी रस्त्यांवर झालेली आहे. ज्यास पाटी वाचता येत नसे, त्यालाही रस्ता ओळखून हवी ती वस्तू मिळावी आणि चुकलेल्या माणसाने पुन्हा देवळापाशी यावे, इतकी ती सोय सरळ आहे.

जुन्या पेठेस नवे रूप द्यावे, अशी चर्चा वरचेवर होते. ती योग्यच आहे. परंतु नवे रूप म्हणजे काय? नांदेडला २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त हुजूर साहिबाच्या परिसरातील रस्ते रुंद करण्यात आले. तेथे यात्रेकरूंची सोय हा हेतू होता. गोलाईस तेच माप लावता येणार नाही, कारण गोलाई ही व्यापारासाठीच जन्मास आली. वरच्या मजल्यास झाकणाऱ्या पाट्या उतरवाव्यात, वाहने बाहेर थांबवावीत, बाजारास येणाऱ्या खेड्यातील स्त्रियांसाठी पाणी, सावली व स्वच्छतागृह असावे. मात्र शोभेसाठी मिरचीवाला आणि हातगाडीवाला हलविला, तर भिंती राहतील आणि पेठ जाईल. माझे हे मत काही व्यापाऱ्यांस रुचत नाही, हे मी जाणून आहे.

आपण शिक्षकांनी यात काय करावे? वर्तुळाचे सोळा समान भाग केले तर प्रत्येक कोन साडेबावीस अंशांचा होतो. प्रत्यक्षात रस्ते तसे समान अंतरावर आहेत काय, हे मुलांनी होकायंत्र घेऊन स्वतः पाहावे. मग एकेका गटाने एकेक रस्ता घ्यावा, तेथील वृद्ध दुकानदारास "पूर्वी येथे काय विकत असत?" असे विचारावे आणि उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावे. ही माणसे आहेत तोवरच ही माहिती आहे. वह्यांची एक प्रत महानगरपालिकेकडे पाठवावी. आराखडा करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

सकाळी दुकाने उघडता उघडता जावे. त्या वेळी गर्दी कमी असते आणि दुकानदारास बोलावयास सवड असते. लहान मुलांचे हात धरावेत. तेथे वाहने सोळाही बाजूंनी येतात. पुढील संमेलनास येताना वह्या सोबत आणाव्यात.