उधळला आणि उधळण
(जोतिबा डोंगरावरील स्नेहमेळाव्यातील मनोगत)



देवदर्शन करून आलोय, सगळ्यांच्या कपाळी गुलाल आहे. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. 'गुलाल उधळला' हे आपण उ-धळ्-ला असं म्हणतो. 'गुलालाची उधळण' म्हणताना मात्र उध्-ळण्. लिहिताना दोन्हीकडे उ, ध, ळ तेच. बोलताना एकदा ळ-चा पाय मोडतो, एकदा ध-चा.

अंध वाचकांना मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करत होते. ते 'उ-ध-ळ-ण' असं सुटं सुटं वाचायचं. त्याला नियम शिकवावा लागला : शब्दाच्या शेवटचा अ गळतो. मग मागं मागं यायचं. ज्या अ-च्या आधी स्वर आणि एकच व्यंजन, नंतर एकच व्यंजन आणि स्वर, तो अ गळतो. एक गळला की त्याच्या शेजारचा टिकतो. तरी जोडशब्दांत हा नियम फसतोच.

माझी मुलगी शाळेत फ्रेंच शिकते. तिथंही असंच. हाक मारणं या क्रियापदाचं 'मी'चं रूप 'आपेल', 'आम्ही'चं 'आप्लों'. मधला स्वर गेला. पण जिथं तो स्वर टिकतो तिथं फ्रेंच लोक लिहिताना 'ल' दुप्पट करतात, म्हणजे वाचणाऱ्याला खूण मिळते. आपल्या 'उधळण'मध्ये तशी काहीच खूण नाही.

हे कळलं तेव्हा मला आठवीचा वर्ग आठवला. आपला एक मित्र धडा वाचायला उभा राहिला की 'उ-ध-ळ-ला' असं वाचायचा आणि आपण हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी. पुढं पुढं तो वाचायला उभाच राहिना. अरे, तो तर पानावर होतं तेच वाचत होता!

तो आज इथं बसलाय. नाव घेत नाही. मित्रा, एका यंत्राला हे शिकवायला आम्ही कितीतरी महिने धीर धरला. तुझ्यासाठी दोन मिनिटं धरला नाही. मला माफ कर.

आणि बाकीच्यांना एक विनंती. घरात मूल अक्षर लावत वाचत असेल, तर हसू नका. तो शब्द एकदा नीट म्हणून दाखवा. तेवढं पुरतं.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!