यकृताचे काठिण्य : वेळीच ओळखण्याची गरज



वढू बुद्रुकच्या शिवारापासून सणसवाडी, शिक्रापूरचे कारखाने दूर नाहीत. ज्या घरात वडिलांचे आयुष्य शेतात राबण्यात गेले, त्याच घरातील मुलगा आज पाळीवर जातो, मोटारसायकलने फिरतो, अवेळी जेवतो. कष्ट घटले, ताटातील अन्न मात्र घटले नाही. परिणामी, दारूला कधीही न शिवलेल्या माणसाच्या यकृतातही चरबी साठते. म्हणूनच २०२१ साली केंद्र सरकारने या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

यकृत सोशीक आहे. चरबी, मद्य किंवा ‘बी’ आणि ‘सी’ काविळीचे विषाणू यांमुळे त्याला सूज येते; ती भरून येताना वण राहतात. वण साठत गेले, की मऊ यकृत निबर होते. पोटात पाणी होईपर्यंत घरच्यांना अनेकदा त्याचा पत्ताही नसतो.

पूर्वी हे जाणण्यासाठी सुईने यकृताचा तुकडा काढावा लागे. तो साऱ्या यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा अंश! शितावरून भाताची परीक्षा होते खरी. परंतु येथे प्रत्येक शीत सारखे शिजलेले नसते.

२००३ च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘फायब्रोस्कॅन’ हे यंत्र पुढे आले. बरगड्यांमधील त्वचेवर हलका ठोका दिला जातो. त्याची लाट यकृतातून जाते व सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी तिचा वेग टिपतात. मऊ यकृतात लाट रेंगाळते, निबर यकृतात वेगाने धावते. उत्तर किलोपास्कलमध्ये मिळते. साधारणतः आकडा ८ च्या आत असल्यास गंभीर वणांची शक्यता कमी. १२ च्या पुढे शंका बळावते. तपासणीपूर्वी किमान तीन तास काही खाऊ नये. जेवण, तीव्र कावीळ किंवा हृदयविकार यांनीही आकडा फुगतो. म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

प्रत्येकाने यंत्राकडे धाव घेण्याचे कारण नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-४’ हा आकडा काढता येतो. मधुमेही व स्थूल व्यक्तींनी तो अवश्य विचारावा. प्रौढांत तो १.३ च्या वर असेल, तर पुढील तपासणी हवी.

वण कोवळे असताना यकृत पुष्कळ सावरते. स्थूल माणसाने वजन दहा टक्क्यांनी घटवले, तर सूज ओसरते, वणही मागे हटू शकतात. घराचा कर्ता आजारी पडला, तर सारे घर कोलमडते. हे टाळणे आपल्या हाती आहे.